बदललेल्या पार्टची पुडी

"सर्व्हिस बुक नाय माझ्याकडं. पण हे हाय," असे म्हणून सुलेखाताईंनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा शोरूमच्या काचेच्या टेबलावर उपडा केला.

खळकन आवाज झाला. नव्या गाड्या बघत फिरणारी दोन-तीन माणसे मागे वळून पाहू लागली. टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळून दोऱ्याने बांधलेल्या पुड्यांचा ढीग पडला होता. मॅनेजर राजकुमारने एक पुडी उचलून सोडली. आतून काजळलेला स्पार्क प्लग निघाला.

"मॅडम, जुनी गाडी एक्स्चेंजला घेताना आम्हाला शिक्के मारलेलं बुक लागतं. हे तर भंगार आहे."

"भंगार कसं? सव्वीस वर्षांत गाडीतून जे जे काढलं ते ह्यात हाय. चिठ्ठी वाचा की."

राजकुमारने वाचली. 'ताईची गाडी. प्लग एक. ६ जून. ८१,४२० किमी.' अक्षर शाळकरी पोरीचे होते, रेघेला टेकून काढलेले. तो हसला आणि चिठ्ठी टेबलावर टाकली.

शेजारच्या खुर्चीत रहीम मिस्त्री मान खाली घालून बसला होता. समोर कॉम्प्युटरमागे त्याची मुलगी आफरीन होती. त्या अक्षराकडे दोघांनीही पाहिले नाही.

मुकुंदवाडीत रहीमचे गॅरेज आहे. एक शटर, एक खड्डा आणि लिंबाच्या झाडाखाली दोन गाड्या मावतील एवढी जागा. काम शिकवताना उस्तादने त्याला एकच गोष्ट पढवली होती. काढलेला पार्ट मालकाच्या हातात द्यायचा. नवा पार्ट बॉनेटखाली जातो, तो मालकाला दिसत नाही. जुना तरी त्याला दिसू दे. रहीमने हे कधी चुकवले नाही. त्याला मराठी वाचता यायचे, पण लिहिताना वेलांट्या उलट्या पडायच्या. म्हणून पुडीवरची चिठ्ठी आफरीन लिहायची. शाळेतून आली की दप्तर टाकून खड्ड्याच्या काठावर बसायची आणि विचारायची, "अब्बा, आज क्या निकाला?"

सुलेखाताई सरकारी घाटी दवाखान्यात सिस्टर होत्या. आफरीन जन्मली त्या दिवशी त्यांचीच ड्यूटी होती. त्यांनी गाडी घेतली तेव्हापासून रहीमशिवाय दुसऱ्या कुणी तिचे बॉनेट उघडले नव्हते. आता त्या निवृत्त झाल्या होत्या, गुडघे दुखत होते. गिअर नसलेली, क्लच नसलेली गाडी हवी होती. "आफू तिथं हाय, तर तिथंच घेऊ," म्हणाल्या, आणि त्यांनी रहीमलाही शोरूममध्ये बोलावून घेतले.

बॅटरीवर चालणारी गाडी ठरली होती. राहिला होता तो मेन्टेनन्सचा प्लॅन.

त्यावरच सारे अडले होते. आफरीनला नोकरीला लागून सहा महिने झाले होते. दहा प्लॅन विकले तर नोकरी पक्की, नाहीतर उद्यापासून यायचे नाही. नऊ झाले होते, आणि आज एकतीस तारीख होती. सकाळी चहा गाळताना, पाठ तशीच ठेवून ती म्हणाली होती, "अब्बा, आज तुम सिर्फ बैठो. बोलो नक्को कुछ."

"ताईने पूछा तो?"

"पूछे तो भी नक्को."

त्याने बशीत चहा ओतला आणि मान हलवली. गॅरेजमध्ये आठवडाभरात दोनच गाड्या आल्या होत्या. घर कोण चालवत होते हे दोघांनाही माहीत होते.

"मॅडम," आफरीनने कागद पुढे सरकवला, "पाच वर्षांचा प्लॅन आहे. आत्ता एकदाच अठ्ठावीस हजार. मग दरवर्षीची तपासणी, ब्रेकचं ऑइल, कूलंट, एसीचा फिल्टर, वायपर, सगळं ह्यात."

"मॅडम काय म्हणतेस गं? मावशी म्हण की."

आफरीन कसनुसे हसली. राजकुमार तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला होता.

"आन बॅटरीला काही झालं तर? लई महाग असती म्हणं ती."

आफरीनचा हात माउसवर थांबला. बॅटरीची वॉरंटी कंपनीचीच होती. प्लॅन घेतला तरी तीच, न घेतला तरी तीच. हे रहीमला तिनेच सांगितले होते. ट्रेनिंगहून आली तेव्हा ताट बाजूला सारून तिने कागदावर गाडीचे पोट काढून दाखवले होते. "ना इंजन ऑइल, ना प्लग, ना बेल्ट. इसमें निकालने को कुछ हैच नहीं अब्बा!" ती हसली होती. मग बापाच्या तोंडाकडे बघून तिने कागदाची घडी घातली होती. पुढे तीच म्हणाली होती, कम चलानेवाले को प्लॅन मतलब फुकट का खर्चा.

"प्लॅन असला की मॅडम, तुम्हाला टेन्शनच नाही," आफरीन आता म्हणाली.

खोटे नव्हते. खरेही नव्हते.

रविवारी बुद्धविहार, अधूनमधून मंडई, महिन्यातून एकदा खुलताबादला बहिणीकडे. ताईंची गाडी वर्षाला तीन हजार किलोमीटरसुद्धा फिरणार नव्हती. सोयगावचा गिऱ्हाईक कडुबा रोज शहराच्या फेऱ्या मारतो. तो इथे बसला असता तर रहीमनेच म्हटले असते, घे बाबा, ह्यात तुझा फायदा हाय. पण कडुबा इथे बसला नव्हता.

सुलेखाताईंनी चष्मा काढला आणि त्याच्याकडे वळल्या.

"रहीमभाई, तुम्ही सांगा. घेऊ का नको?"

गाडीचा आवाज बदलला की ताई असेच विचारत. आणि तो सांगत असे. ह्याची गरज नाय ताई, अजून वर्षभर चालंल. किती वेळा त्याने असे म्हणून हातातले काम घालवले असेल!

टेबलावर प्लग पडला होता. रहीमने तो बोटाने फिरवला. समोर आफरीनच्या मानेवरची शीर उडत होती. लहानपणी ताप चढला की ती अशीच उडायची.

"मॅडम, घ्यायचं नसेल तर राहू द्या," राजकुमार घड्याळ बघत म्हणाला. "मग आफरीन, तू फाइल क्लोज कर."

रहीमने प्लग फिरवायचा थांबवला. "ह्या नव्या गाड्यातलं मला काय कळतंय, ताई."

तीस वर्षांत त्याने असे वाक्य कधी उच्चारले नव्हते.

सुलेखाताईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग त्यांना त्याची दयाच आली असावी. त्यांनी त्याच्या मनगटावर हलके थोपटले. "असू द्या. जमाना बदलला, तुम्ही तरी काय करणार? आन आफू आपलीच पोरगी. ती काय मला बुडवंल व्हय?"

त्यांनी सही केली. दवाखान्यात ड्यूटी रजिस्टरवर करायच्या तशीच, पूर्ण नावाची, सावकाश.

प्रिंटर सुरू झाला. राजकुमारने आफरीनला "वेलडन" म्हटले आणि डबा ताईंकडे सरकवला. "हे तेवढं घेऊन जा, मॅडम."

"मी आता कुठं ठिवू? रहीमभाई, तुमचं तुम्हीच न्या."

रहीमने एकेक पुडी उचलून डब्यात ठेवली. सोडलेल्या पुडीत प्लग परत गुंडाळला, चिठ्ठी घातली, दोरा बांधला. गाठ मारायला त्याला तीनदा हात लावावा लागला. एक पुडी आफरीनच्या बाजूला गेली होती. ती तिने दोन बोटांनी त्याच्याकडे ढकलली.

ताईंनी नारळ फोडला आणि मीटरवर सात किलोमीटर दाखवणारी नवी गाडी जालना रोडला लागली. ताई हात हलवत होत्या. गाडी बरीच लांब जाईपर्यंत तो फाटकात उभा राहिला. मग डबा स्कूटरवर दोन्ही पायांमध्ये धरून निघाला. प्रत्येक स्पीडब्रेकरला डबा वाजत होता. मुकुंदवाडी येईपर्यंत वाजत होता.

सरळ सांगून टाकले असते, पोरीची नोकरी अडलीय ताई, तर ताईंनी हसत सही केली असती. हे त्याला घराच्या पायरीवर सुचले. मागायला आफरीन तयार नव्हती, आणि तो... तो डबा उचलून आत गेला.

संध्याकाळची मगरिबची नमाज पढून तो परतला तेव्हा आफरीन घरी आली होती. टेबलावर पेढ्यांचा पुडा होता, सोडलेला नव्हता. ती उभीच होती. डब्याचे झाकण उघडे होते आणि तिच्या हातात सगळ्यात वरची पुडी होती. आजच्या पेपरात बांधलेली. चिठ्ठी बापाच्या अक्षरात होती, वेलांट्या उलट्या. 'ताईची गाडी. ३१ तारीख. ७ किमी.' पुढे काय काढले ते लिहिलेले नव्हते.

"पक्की हो गई, अब्बा," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

"मुबारक, बेटा."

तिने पुडी कानाशी नेऊन हलवली. काही वाजले नाही. दोरा तिने सोडला नाही. पुडी तळहातावर घेऊन ती तशीच उभी राहिली, आणि पंख्याच्या वाऱ्याने उडून जाईल म्हणून तिने वर अंगठा ठेवला.