ताण तोडायची वेळ

धोंडीरामच्या छातीवर अळंबी उगवली, तेव्हा हौसाबाईने ती चाकूने अलगद कापली आणि सुपात वाळत घातली. टाकून देणं तिच्या स्वभावात नव्हतं. तो खोकला की एक नवी टोपी वर यायची. शेजारच्या अनसूयाकाकूंनी त्या अळंबीचा काढा घेतला आणि त्यांचा जुना दमा जेवणाआधी गेला.

मग औषधाच्या कारखान्यातून देवस्थळी साहेब आले. त्यांनी खिडकी बुजवली, भिंतींना ओली पोती टांगली.

"हवा दमट पाहिजे. उजेड नको," ते म्हणाले.

"अन् ह्यांना औषध कधी?"

"पहिल्या चांगल्या तोड्यातलं. शब्द दिला."

तोडा चांगला आला. साहेबांनी एक टोपी जिभेवर ठेवली. "नुसतीच पोसलीय. कडू हवी. जेवढी कडू, तेवढं औषध."

हौसाबाईला हसू आलं. तेल्या रोगाने जाईपर्यंत तिची नि धोंडीरामची डाळिंबाची बाग होती. "पाणी तोडा की साहेब. ताण दिल्याबिगर बाग बहार धरती का कुठं?"

साहेब धोंडीरामच्या खाटेकडे बघायला लागले. बोलून गेलेलं हौसाबाईला परत घेता येईना.

"पण पाणी देऊन ताण वेळेवर तोडावा लागतो," ती घाईने म्हणाली. "न्हाईतर झाड जातं."

"तोडू की. आधी बहार तर दिसू दे."

धोंडीरामचं पाणी बंद झालं. पोत्यांतून थेंब गळत राहिले, जमिनीवरून ओघळ गेले, आणि त्याचे ओठ तडकले. अळंबी कडू झाली. साहेब खूश झाले. धोंडीरामचा वाटा पुढच्या तोड्यातून ठरला, मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक तोड्याला खोली लांबत गेली आणि खाट मागे सरकत गेली.

अंगणात काढ्यासाठी वाट्या घेऊन रांग लागायची. सगळ्यांत पुढे अनसूयाकाकू.

"हौसे, आज खोकला बारीक येतोय गं. जरा लक्ष दे की नवऱ्याकडं!"

"तुमचा दमा गेला न्हवं काकू?"

"गेला. पण परत आला तर?"

एका सकाळी हौसाबाईने तांब्या भरला आणि आत निघाली. दोन्ही बाजूंना पोती होती. चालता चालता रांगेचा गलका मागे विरला. खाटेपाशी पोचली तेव्हा धोंडीरामचे डोळे आणि तोंड तेवढं उघडं होतं. बाकी सगळ्या टोप्या.

"पाणी आणलंय. ताण तोडते."

"कडू आलीय का?" त्याने विचारलं.

"लई. जीभ जळती."

बाग फुलायची तेव्हा त्याचे डोळे असे व्हायचे. त्यानंतर आजच झाले.

"मग आत्ता नको तोडू. बहार गळंल."

"मरशील की रं बाबा!"

त्याने तोंड घट्ट मिटलं. तिने बोटांनी ओठ फाकवून बघितले, तरी उघडले नाहीत. पाणी गालावरून ओघळून पोत्यात गेलं. दमट हवेने तिचा घसा खवखवला आणि ती एकदाच खोकली.

लांब, दाराशी वाट्या वाजल्या. अनसूयाकाकूंचा आवाज आला, "अगं बाई, हा तर दुसऱ्या कुणाचा खोकला!"

हौसाबाईला एकाएकी फार तहान लागली. तिने तांब्या स्वतःच्या तोंडाला लावला. धोंडीरामने टोप्यांतून हात बाहेर काढला आणि तांब्या तिच्या ओठांपासून हळूच बाजूला केला.