शंभराचा आकडा

मिसेस गुरस्कींनी दार उघडलं आणि काझ दुडेकच्या खांद्यावरची बर्फाची लादी बघून त्यांचा चेहराच पडला. तिसरा मजला चढून तो धापा टाकत होता.

"मी कुठे बर्फ मागवला?"

"खिडकीत पाटी आहे की तुमच्या. पन्नासाचा आकडा वर आहे."

"अगं बाई, ती होय! खिडकी वाऱ्यानं खडखडते म्हणून तोच पुठ्ठा खोचलाय फटीत. रागावू नकोस हं, काझ."

त्यांच्या मागे स्वयंपाकघरात पांढराशुभ्र फ्रिज घुरघुरत होता. काझने लादी तशीच खाली आणली.

बफेलोच्या त्या पोलिश वस्तीत बर्फवाल्याला कोणी हाक मारत नसे. चौकोनी पाटीच्या चार बाजूंना चार आकडे असत, हवा तो वर करून पाटी खिडकीत ठेवायची. काझने खालूनच बघायचं आणि तेवढ्या पौंडांची लादी फोडून वर न्यायची. युद्ध संपलं, परतलेल्या पोरांनी शहराबाहेर नवी घरं घेतली. त्या घरांत आधी फ्रिज आला, माणसं मागाहून. जे मागे राहिले त्यांनी हप्त्यांवर घेतला. काझचा नुसता जळफळाट व्हायचा, पण रागवायचं कोणावर? सगळी त्याच्याच चर्चमधली माणसं, भेटली की आधी त्याच्या गुडघ्यांची चौकशी करायची.

दुपारी त्याने ट्रक स्वतःच्या दारात थांबवला. काझने सवयीने वर पाहिलं. खिडकी रिकामी होती.

ब्रोनिया लग्नापासून पाटी लावत आली होती. बर्फवाल्याच्या बायकोला पाटी कशाला, म्हणून गल्ली हसायची. तिचा आकडा पन्नासाचा ठरलेला. मात्र आदल्या रात्री भांडण झालेलं असलं की शंभराचा वर. मग काझ निमूटपणे शंभर पौंड वर वाहून न्यायचा, आणि ती दारातच हसायची. भांडण तिथंच मिटायचं.

विसरली असेल, असं म्हणत त्याने पन्नासाची लादी फोडली आणि जिना चढला.

बर्फाच्या पेटीच्या जागी फ्रिज उभा होता. ब्रोनिया टेबलाशी बटाटे सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"कधी आणलास?"

"सकाळी. तू गेल्यावर. माझ्या पगारातून."

"बर्फवाल्याच्या घरात फ्रिज. गल्ली काय म्हणेल?"

"गल्ली केव्हाची म्हणतेय, काझ. सगळ्यांकडे आला, आणि दुडेकची बायको अजून पेटीखाली साचलेलं बर्फाचं पाणी उपसते. तुझ्या तोंडावर कोणी बोलत नाही एवढंच. माझ्या बोलतात."

"मला विचारायचं तरी होतंस."

"तू नाही म्हणाला असतास." तिने सुरी खाली ठेवली. "आणि मी ऐकलं असतं."

ती खरं बोलत होती, आणि त्याचाच त्याला जास्त संताप आला. लादीखाली खांद्यावर घेतलेल्या चामड्याच्या तुकड्यावरून पाणी पाठीत उतरत होतं. लादी ठेवायला घरात जागा उरली नव्हती. शेवटी त्याने ती मोरीत ठेवली.

"पाटी कुठाय?" त्याने विचारलं.

तिने खणाकडे बोट दाखवलं. त्याने पाटी काढली, ओल्या हातांनी पुसली आणि शंभराचा आकडा वर करून खिडकीत ठेवली. ब्रोनियाने ते पाहिलं. ती हसली नाही, तिने पाटी काढलीही नाही. मोरीत लादी ठिबकत होती. खाली गल्लीत माणसं येत जात होती, आणि तो आकडा वाचणारा त्यांच्यात कोणीच नव्हता.