बालविवाहमुक्त गावाचं पान

शाळा सुटली की शिवशरण मास्तर सोप्यात लॅपटॉप उघडून बसत. इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशातलं आपल्या गावाचं पान त्यांनीच लिहून काढलं होतं. त्यातलं एक वाक्य त्यांचं फार लाडकं: 'हे गाव बालविवाहमुक्त आहे.' कुणी शंका घेऊ नये म्हणून खाली वर्तमानपत्राच्या पुरवणीतला लेख संदर्भ म्हणून जोडलेला.

त्या दिवशी पुतणी सुष्मिता चहा घेऊन आली आणि कप ठेवून तिथंच घुटमळली. तिला सोळावं लागलं होतं.

"काका, आप्पाला सांगा की. मला एवढ्यात लगीन न्हाय करायचं."

मास्तरांनी थोरल्या भावाला, सुष्मिताच्या बापाला, भरमाप्पाला हटकलं. तो म्हणाला, स्थळ चांगलं आहे, लग्न गावाबाहेर उरकू, बोभाटा होणार नाही. गावाचं नाव राहतंय म्हटल्यावर मास्तर गप्प बसले. अशा लग्नात पहिली अक्षता शिकलेल्या माणसाचं हे गप्प बसणंच टाकतं.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत सुष्मिता बाळंतपणात गेली. बाळही वाचलं नाही.

माती देऊन आल्यावर मास्तरांनी ते वाक्य पुसलं आणि लिहिलं, 'हे गाव पोरींचा बळी घेतं.' थोड्याच वेळात जुनं वाक्य परत आलं. शहरात मंगळवार पेठेत राहणारी सदफ स्वयंसेवक म्हणून कोशावरच्या बदलांवर नजर ठेवायची. तिचा शेरा होता: संदर्भ नाही, भाषा तटस्थ नाही. मास्तरांनी नंबर शोधून संतापानं तिला फोन लावला आणि बोलता बोलता रडले. सदफनं ऐकून घेतलं, पानाचे जुने बदल तपासले आणि संध्याकाळी स्वतःच फोन केला.

"सर, जुनं वाक्यबी मी काढलंय. लेख तुमच्या वाक्यानंतर छापलाय. पेपरवाल्यांनी तुमचंच उचललं, आणि तुम्ही त्यालाच संदर्भ केलासा."

मग सुष्मिताचं काय, असं मास्तरांनी विचारलं. सदफ हळूच म्हणाली, जे कुठंच नोंदलं गेलं नाही, ते कोशात लिहिता येत नाही.

मास्तरांनी चपला घातल्या. दारात भरमाप्पा आडवा आला.

"कुठं निघालास?"

"पेठ वडगावला, पोलिसांत. तुझं नाव सांगणार हाय, आण्णा. माझंबी."

"पोरगी गेली की रं. आता घरबी घालवतोस?"

मास्तर त्याला बाजूला सारून बाहेर पडले.

पानावरची ती जागा अजून रिकामी आहे. वाचकहो, तुमच्या गावाबद्दल कुठं चांगलं लिहिलेलं दिसलं, तर लिहिणाऱ्याच्या घरातल्या पोरी कुठे आहेत, तेवढं विचारून या.