मागचा डावा दिवा

हिल्मा रुओनाच्या गाडीचा मागचा डावा ब्रेकचा दिवा बंद होता, हे खरंच होतं. त्याबद्दल तिनं कधी वाद घातला नाही. पुढे जे झालं ते दिव्यामुळे झालं नाही, डेल पेर्तूच्या तोंडामुळे झालं. पोलिसानं पावती फाडावी आणि गप आपल्या वाटेनं जावं. पण याला वर दोन शब्द शहाणपणाचे शिकवायची खाज.

सप्टेंबर संपत आला होता. हिल्मा कॉफी आणि पीठ घेऊन गावातून घरी निघाली होती, तेवढ्यात मागून निळे-लाल दिवे लुकलुकले. डेल उतरला. शेरीफच्या हाताखालचा डेप्युटी तो, चाळिशीचा, कमरेला पिस्तूल, डोक्यावर ती रुंद काठाची टोपी. हिल्माचाच शेजारी. दोघांच्या जंगलांच्या मधून एक तारेचं कुंपण जायचं, एवढंच अंतर.

"मिसेस रुओना, तुमचा ब्रेकचा डावा दिवा लागत नाहीये."

"लागत नसेल."

"अधूनमधून बघत जावं माणसानं," पावती लिहिता लिहिता तो म्हणाला. "काही अवघड नसतं हो. आपण ब्रेक दाबायचा आणि घरातल्या कुणाला तरी मागं उभं करायचं."

घरातल्या कुणाला तरी! मेल्याला माहीत नव्हतं होय, घरात कोण उरलंय ते? हिल्माचा नवरा आर्वो मार्चमध्ये गेला होता. त्या उत्तरेकडच्या मिशिगनात मार्चमध्ये जमीन दगडासारखी गोठलेली असते, म्हणून त्याला मे महिन्यात पुरला. दफनानंतरच्या कॉफीला हाच डेल आला होता आणि वेलचीचा पाव दोनदा मागून खाल्ला होता.

आणि आर्वो असताना दिवा कधी बंद राहिलाच नव्हता. दर रविवारी चर्चला निघण्याआधी हिल्मा गाडीत बसून ब्रेक दाबायची आणि आर्वो मागं उभा राहून ओरडायचा, "जळतोय!" लग्न झाल्यापासूनचा नेम. अगदी शेवटी, काठी टेकल्याशिवाय उभं राहता येत नव्हतं तेव्हाही तो काठी टेकत मागं जायचा आणि ओरडायचा. माणूस एकटा असला की त्याला स्वतःच्या गाडीचा ब्रेकचा दिवा दिसत नाही. हिल्माला हे त्या दिवशी रस्त्याच्या कडेला कळलं, आणि कुणाकडून कळलं तर डेल पेर्तूकडून.

तरी एवढ्यावर तिनं सोडून दिलं असतं. पण जुनं दुखणं होतं, आणि ते वर्षभर आत ठसठसत होतं.

गेल्या शिकारीच्या मोसमात आर्वोला ठाऊक होतं की हा आपला शेवटचा. आजारानं अंगाचा पार सापळा झाला होता, तरी पहाटे जंगलातल्या आपल्या खोपीत जाऊन बसला. आणि नशीब बघा, जन्मात दिसला नव्हता एवढा शिंगांचा नर समोर आला. आर्वोनं गोळी घातली. हरणाला लागली, पण ते तसंच धावत सुटलं, तार ओलांडली आणि पेर्तूच्या जंगलात जाऊन पडलं.

आता तिथली रीत अशी, की शेजाऱ्याकडे जायचं, सांगायचं, आणि शेजारी नुसता हो म्हणत नाही तर ओढायला हात लावतो. नाही म्हणाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. आर्वो टोपी हातात घेऊन गेला. बघतो तर डेलनं हरणाच्या शिंगाला आपल्या परवान्याची चिठ्ठी बांधूनसुद्धा टाकलेली. म्हणजे शिकार त्याची.

"माझ्या जमिनीवर पडलंय, म्हाताऱ्या," डेल म्हणाला होता. "तुझी गोळी असेल तर सिद्ध कर."

आर्वो बर्फातून घरी आला तेव्हा टोपी हातातच होती. डोक्यावर घालायची शुद्ध नव्हती. मार्चपर्यंत जगला, पण त्या विषयावर एक शब्द बोलला नाही. आणि ते शिंगांचं मुंडकं डेलनं भुसा भरून गावातल्या कॅफेत टांगलं, येणाऱ्याजाणाऱ्यानं बघावं म्हणून. हिल्मा त्या दिवसापासून कॅफेत गेली नाही.

आर्वोची बहीण लेम्पी त्याच कॅफेत कॉफी वाढायची. पावतीचं ऐकून ती संध्याकाळी आली.

"दिवा बदल, कुठल्याही डेप्युटीला दाखव, तो सही करेल, पावती रद्द," लेम्पी म्हणाली. "कशाला कोर्टाच्या पायऱ्या चढतेस?"

"बल्ब आणलाय मी. गाडीच्या खणात ठेवलाय."

"मग बसव ना."

"बघू."

"हिल्मा, तुझं हे बघू मला माहीत आहे. अगं, दिवा खरंच बंद होता. कोर्टात सांगणार काय तू? हरशील."

ते हिल्मालाही कळत होतं. रागानं माणूस आंधळा होतो म्हणतात, पण हिल्माचा राग डोळस होता. लढून जिंकता येणार नाही, आणि न लढावं तर जीव जळतो. दोन दिवस ती नुसती घरभर फिरली. तिसऱ्या दिवशी तिनं कोर्टात फोन लावला, तोही नुसतं विचारून बघू म्हणून.

फोनवर एक गोड आवाजाची पोरगी होती, नुकतीच शिकागोहून राहायला आलेली. "पावतीवर हरकत घ्यायचीय ना? मग सुनावणीला तुम्ही यायचं, डेप्युटी येतील. ते आले नाहीत तर पावती रद्द. तुम्ही आला नाहीत तर दंड भरायचा. तारीख बघते हं. अरे वा, पंधरा नोव्हेंबर सकाळी नऊ, चालेल? गंमतच आहे, त्या दिवशी एकही सुनावणी नाही. अख्खा दिवस रिकामा."

रिकामा असणारच. पंधरा नोव्हेंबरला हरणाच्या शिकारीचा मोसम उघडतो. त्या दिवशी तिथं शाळा बंद, न्हावी बंद, दाढ दुखली तर दात काढणारासुद्धा जंगलात. त्या तारखेला लग्न काढलं तर नवरामुलगा येणार नाही. गावातल्या शेंबड्या पोरानंही त्या दिवशी कोर्टाची तारीख दिली नसती. शिकागोच्या पोरीला काय माहीत?

हिल्मानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "द्या तीच," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती हसली. मार्चनंतर पहिल्यांदा. लढायचं की नाही हा प्रश्नच मिटला होता.

आठवड्याभरात डेल दारात उभा राहिला. टोपी डोक्यावरच.

"हिल्मा, हे काय काढलंत तुम्ही? पंधरा तारीख!"

"कोर्टानं दिली. मी काय करू?"

"तुम्ही बल्ब बदला, मी आत्ता इथं सही करतो. प्रकरण मिटलं."

"मिटवायचंय कुणाला?"

"पण दिवा बंद होता की हो तुमचा!"

"असं तू म्हणतोस," हिल्मा शांतपणे म्हणाली. "सिद्ध कर."

डेल टोपी सावरत माघारी वळला. त्याला ते शब्द आठवले की नाही, देव जाणे. हिल्माला मात्र दार लावताना फार बरं वाटलं.

त्यानं तारीख बदलून घ्यायचा खटाटोप केला. मॅजिस्ट्रेट स्वतः शिकारी, स्वतःची पहिली सकाळ बुडतेय म्हणून आधीच पेटलेला. तो म्हणाला, लागलेली तारीख आता माझ्यानंही हलत नाही, पावती तू फाडलीस, आता तूही ये. बुट्टी मारावी तर शेरीफनं त्याच वर्षी दम भरला होता की जो आपल्या पावतीच्या सुनावणीला जाणार नाही त्यानं बिल्ला टेबलावर ठेवावा. कॅफेत लोक टवाळी करायला लागले. "काय डेल, म्हातारीला घाबरलास होय?"

आणि डेलची खरी चिंता वेगळीच होती. यंदा त्याच्या जंगलात गेल्या वर्षीच्या हरणाहूनही मोठा नर फिरत होता. ऑगस्टपासून तो त्याला सफरचंदं घालत होता. झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यातले फोटो कॅफेत दाखवायचा, आणि दाखवताना जीभ सैल सुटायची. लेम्पी कॉफी ओतता ओतता ऐकायची. नर रोज डेलकडे सफरचंदं खातो आणि नऊच्या सुमाराला तार ओलांडून रुओनांच्या दलदलीत झोपायला जातो. लेम्पीनं हे हिल्माकडे येऊन सहज सांगितलं. हिल्मानं तिला दोनदा सांगायला लावलं.

पंधरा तारखेला सकाळी लेम्पी हिल्माला कोर्टात सोबत म्हणून आली, चर्चचा कोट घालून. बघते तर हिल्मा नारिंगी जाकीट घालून आर्वोची बंदूक पुसत बसलेली.

"अगं, कोर्ट?"

"मी कुठं म्हटलं मी जाणार म्हणून?"

"हरशील ना!"

"हरू दे की. दंड भरते. डेल गेला ना पण?"

"गेला. गणवेशात. आत्ताच गाडी गेली त्याची."

लेम्पी मटकन खुर्चीत बसली, आणि मग तोंडावर हात ठेवून तिला हसू आवरेना.

हिल्माचा नेम आर्वोपेक्षा बरा होता. आर्वोच तसं सांगायचा, चारचौघांत. ती त्याच्या खोपीत बसली, त्याच्या बाकड्यावर, जिथं त्याच्या बसण्यानं लाकूड गुळगुळीत झालं होतं. हलकं बर्फ पडत होतं. नर आला तो डेलनं सांगितलेल्या वेळेला, डेलनं सांगितलेल्या वाटेनं, डेलची सफरचंदं खाऊन. तार त्यानं सहज ओलांडली. हिल्मानं तो पुरता आपल्या बाजूला येईतो वाट पाहिली. एकच गोळी. तो जागेवरच कोसळला. तिनं आपली चिठ्ठी शिंगाला बांधली, घट्ट, दोन गाठी मारून.

मग घरी गेली नाही. थर्मास काढला आणि हरणाशेजारच्या ओंडक्यावर कॉफी पीत बसून राहिली. तिला कुणाची तरी वाट पाहायची होती.

दुपार व्हायच्या आत डेल आला, तारेपलीकडून, गणवेशातच, धापा टाकत. कोर्टातून थेट जंगलात. त्याला आधी हिल्मा दिसली, मग शिंगं.

तो तारेपाशी येऊन थांबला. मग म्हणाला, "तुम्ही कोर्टात आला नाहीत."

"नाही आले. तू जिंकलास. अभिनंदन."

"तीन महिने खायला घातलंय मी त्याला."

"माझ्या जमिनीवर पडलंय, डेल."

आता मात्र त्याला आठवलं. ते हिल्माला त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं आणि तिला गोड वाटलं. उगीच खोटं कशाला सांगा, कॉफीपेक्षा गोड वाटलं. डेलनं टोपी काढली होती. कधी काढली ते त्यालाही कळलं नसेल. दोन्ही हातांत धरून तो काठ चाचपत उभा होता आणि त्याच्या केसांवर बर्फ पडत होतं.

"आर्वोचं ते मुंडकं घेऊन जा कॅफेतून," तो म्हणाला. "त्याचंच होतं ते. ही शिंगं तेवढी मला द्या."

"ते तिथंच राहू दे. आता ते कुणाचं आहे ते तू तुझ्या तोंडानं सांगितलंस. तसंच विचारेल त्याला सांगत जा," हिल्मा म्हणाली. "ये इकडे. ओढायला हात लाव. रीत आहे."

त्यानं तार ओलांडली. दोघांनी हरीण ओढलं. म्हणजे ओढलं डेलनंच, हिल्मा वाट दाखवत पुढं चालली. गणवेशाच्या विजारीला रक्त लागलं. वाटेच्या तोंडाशी उभ्या हिल्माच्या गाडीत चढवून झाल्यावर तो निघाला, तसं हिल्मानं त्याला थांबवलं. खणातून बल्ब काढला, पेचकसानं मागची लाल काच सोडवली, बल्ब बसवला. डेल मागं उभा राहून बघत होता.

"तिथंच मागं उभा राहा," ती म्हणाली आणि आत जाऊन बसली. ब्रेक दाबला. "काय?"

"जळतोय."

"ऐकू आलं नाही."

"जळतोय!" डेल ओरडला.

जंगलात आवाज घुमला. शब्द तोच होता, पण आवाज आर्वोचा नव्हता. हिल्मानं स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरलं. तिला वाटलं होतं आता आतलं सगळं शांत होईल. ते झालं नाही. तिनं ब्रेकवरचा पाय काढला नाही.

"पुन्हा सांग," ती म्हणाली.

डेलनं पुन्हा सांगितलं.