ताजा रंग, दुधाळ तेल

जरा लांब उभे राहा, रंग अजून ओला आहे. परवापर्यंत जिथे गंज होता, तिथे आज मी पिवळाधमक दिसतोय. मी एक जुना बॅकहो बोलतोय. पुढे रुंद बकेट, मागे दुमडणारा लांब हात आणि मधे काचेची केबिन. रस्त्याच्या कडेला चर खणताना तुम्ही मला नक्की पाहिलं असेल. थांबून बघतातच सगळे. दुसऱ्याला राबताना बघायला माणसांना फार आवडतं.

माझी ताकद लोखंडात आहे असं तुम्हाला वाटत असेल. ती माझ्या तेलात आहे. पोटाशी एक टाकी आहे. तिच्यातलं तेल पंप पाइपांतून जोरात ढकलतो आणि त्या दाबावर माझा हात उचलला जातो, वळतो, थांबतो. थांबणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण हाताखाली बहुतेक वेळा कोणीतरी उभं असतं.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा ते तेल मधासारखं होतं. पहिला मालक ठेकेदार होता, तोंडाने फटकळ, पण माझ्या बाबतीत हळवा. टाकीचं झाकण उघडण्याआधी भोवतालची माती फडक्याने पुसायची, हा त्याचा नियम. ऑपरेटरने एकदा तसंच उघडलं तर म्हणाला, "तुझ्या डोळ्यात कण गेला की कसा नाचतोस? मग याच्या पोटात का माती घालतोस?" पुढे तो थकला. मुलांना या धंद्यात रस नव्हता. मी जुन्या यंत्रांच्या व्यापाऱ्याकडे गेलो.

व्यापाऱ्याच्या आवारात आम्ही रांगेने उभे असायचो. एकदा शेजारच्या यंत्राला गिऱ्हाईक आलं आणि त्याच्या टाकीचं झाकण सापडेना. तिथल्या माणसाने माझं काढून त्याला लावलं. माझ्या टाकीच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी सुतळीने बांधली. "तात्पुरतं आहे," म्हणाला. या शब्दाइतकं टिकाऊ मी दुसरं काही पाहिलेलं नाही.

पिशवी उन्हाने विरली. मग पावसाचं पाणी तिच्यावर साठलं आणि थेंब थेंब आत उतरलं. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जाऊन बसलं. बाहेरून कोणाला काही कळणार नव्हतं.

मग दोघे भाऊ आले. थोरला वर्षानुवर्षं दुसऱ्यांची यंत्रं चालवणारा, धाकटा चरात उतरून पाइप जोडणारा. आपलं स्वतःचं मशीन असावं, हे थोरल्याचं जुनं वेड. बरोबर त्याची बायको होती. धाकटा तिला वहिनी म्हणायचा, म्हणून मीही म्हणतो.

व्यापाऱ्याने त्या सकाळी तळाचा बूच सैल करून जमेल तेवढं पाणी काढलं होतं आणि वरून नवं तेल ओतून कुठलंसं सैल झाकण दाबून बसवलं होतं. टाकीला तेल बघायची एक छोटी काच असते. तिच्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "बघा, कसं मधासारखं आहे!"

वहिनी हळूच म्हणाली, "जरा वेळ चालवून नाही का बघायचं?"

"अगं, मी इतकी वर्षं काय बैलगाडी हाकली?" थोरला हसला. "मला आवाजावरून कळतं."

त्याने इंजिन सुरू केलं, माझा हात एकदा वर नेला, एकदा खाली आणला आणि बंद केलं. एखादी गोष्ट फार हवी असली की माणूस तिच्यात खोट शोधत नाही.

कामाच्या पहिल्याच दिवशी तेल तापलं आणि उरलेलं पाणी त्यात घुसळून निघालं. दुपारी वहिनी डबा घेऊन आली तेव्हा तिचीच नजर काचेवर गेली. "अहो, यात चहा ओतलाय का कोणी?" तेल दुधाळ झालं होतं.

मिस्त्रीने ते बोटांवर चोळून बघितलं. "नुसती टाकी रिकामी करून भागणार नाही. हाताच्या नळकांड्यांत आहे, पाइपांत आहे. सगळं उघडा, सगळं फेका. नवं भरून चालवा, मग तेही काढून टाका आणि परत नवं भरा."

"दोनदा?"

"मग? पाणी काय पाहुणा आहे, आपण होऊन जायला?"

थोरल्याने मान डोलावली आणि नुसती टाकी रिकामी केली. काढलेलं तेल पिंपांत भरून उन्हात ठेवलं. पाणी खाली बसेल, वरचं तेल परत घालू, असा हिशेब. त्याच्या जुन्या मालकांकडे असंच करायचे. पण घुसळून एकजीव झालेलं पाणी असं खाली बसत नाही. वहिनी येता-जाता पिंपात डोकावायची. "तुमच्या ताकावर लोणी काही येत नाही हो." धाकटा हसायचा, थोरला नाही. शेवटी त्याने तेच तेल फडक्यातून गाळून माझ्यात ओतलं. फडक्याने माती अडते, पाणी अडत नाही.

मला आतून गंज चढू लागला. पंप कण्हायला लागला. केबिनमधली दांडी सोडली की माझा हात जागच्या जागी थांबायला हवा, तो आता जरा पुढे जाऊन थांबायचा. थोरल्याच्या ते लक्षात आलं होतं. तो दांडी थोडी आधी सोडायला शिकला.

"बकेटच्या फार जवळ नको येत जाऊस," तो धाकट्याला म्हणाला.

"का रे दादा? नव्या मशीनला दृष्ट लागेल?"

"सांगितलं तेवढं ऐक."

कारण त्याने सांगितलं नाही.

त्या दिवशी धाकटा चरात पाइप धरून बसवत होता. थोरल्याने दांडी सोडली आणि मी थांबलोच नाही. आतला गंजलेला भाग अडकून बसला होता. मी थांबायची फार धडपड केली, असं सांगायला मला आवडलं असतं. पण मी आपण होऊन थांबत नाही, मला थांबवावं लागतं. धाकट्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

त्यानंतर मला घराशेजारी आणून उभं केलं. बरेच दिवस माझ्याकडे कोणी फिरकलं नाही. मग रंगाचे डबे आले.

धाकटा पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन पायरीवर बसला होता. "दादा, घेणाऱ्याला तेलाचं सांगशील ना?"

थोरला ब्रश फिरवत राहिला. "मला कोणी सांगितलं होतं?"

"म्हणूनच म्हणतोय."

"तुझी बोटं परत येणार आहेत का, त्यांना सांगून?"

वहिनी दारातच उभी होती. ती आत गेली आणि भांडी आदळत घासायला लागली.

आज सकाळी थोरल्याने तळाचा बूच सैल केला, टाकीतलं दुधाळ तेल काढलं आणि नवं ओतलं; पाइपांतलं, नळकांड्यांतलं तसंच राहिलं. टाकीला नवं झाकणही बसवलं, कुलूपवालं. आता पाणी आत जाणार नाही, आणि आतलं काही बाहेर येणार नाही.

गिऱ्हाईक आलंय. दोघे साडू आहेत, भागीत घेतायत. एक मला चालवणार, दुसरा चरात उतरणार.

"बघा, कसं मधासारखं आहे," थोरला म्हणाला. शब्द तेच, बोटही त्याच काचेवर.

चरात उतरणारा साडू धाकट्याकडे वळला. "काय भाऊ, तुम्ही यावरच काम करत होता ना? कसं आहे मशीन?"

आतला भांड्यांचा आवाज थांबला. धाकट्याने उजवा हात खिशात घातला.

"चांगलं आहे," तो म्हणाला.

अहो साडू, मला दुपारपर्यंत राबवा, तापू द्या आणि मग त्या काचेत बघा. तेवढा वेळ नसेल तर जाण्याआधी त्या धाकट्याशी हात मिळवा. बाकी काही विचारू नका.

पण ते थोरल्याशीच हात मिळवतायत. त्याच्या तळव्याचा पिवळा डाग त्यांच्या तळव्यावर उमटला, आणि सगळे हसले.

"रंग ताजा आहे," थोरला म्हणाला.