धुळीआडच्या दीर्घिका

साहेब माझ्याच पेन्सिलीनं कान कोरत होते. कोरून झाल्यावर त्यांनी टोक निरखलं, पँटला पुसलं आणि पेन्सिल परत माझ्या टेबलावर ठेवली.

"छापून आला बाई, आपला लेख."

आपला म्हणे. मी आधी शेवटचं पान उघडलं. वेधशाळेत एकतीस वर्षं माझी जागा तिथेच असते. 'आभार : मापन विभाग.' या विभागात मी एकटीच आहे, तरी नाव नाही.

माझं काम दीर्घिकांचे, म्हणजे दूरदूरच्या आकाशगंगांचे फोटो निवडायचं. निळसर एकीकडे, तांबूस दुसरीकडे. निळसर म्हणजे तिथे अजून तारे जन्माला येतात. तांबूस म्हणजे सहसा मधल्या कृष्णविवरानं भोवतालचा वायू तापवून बाहेर हाकलला. आता तिथे नवा तारा होणे नाही, उरलेले म्हातारे होत राहणार. लोकांना वाटतं, कृष्णविवर नुसतं गिळतं. खरं तर ते गिळतं त्यापेक्षा जास्त उधळून लावतं.

साहेबांनी सगळ्या तांबूस दीर्घिका कृष्णविवराच्या माथी मारल्या होत्या. त्यातल्या एकशे चाळीस मेलेल्या नव्हत्याच, धुळीआड असल्यानं तांबूस दिसत होत्या. चार वर्षं डोळे फोडून मी ते दाखवलं, तेव्हा साहेब म्हणाले होते, "फोटो निवडणाऱ्यानं फोटो निवडावेत." आता तेच त्यांच्या नावानं छापलं होतं.

"माझं नाव राहिलं, साहेब."

"अहो, शुक्रवारी निवृत्त होताय. नाव घेऊन काय करणार?" ते हसले तेव्हा दातांत बिस्किटाचा लगदा दिसला. मला शिसारी आली. या वेळी नाव येणार, असं मी नवऱ्याला सांगून बसले होते.

दुपारी सभागृहात साहेबांचं या लेखावर भाषण झालं. चित्रं पुढे सरकवायला मी संगणकापाशी होते. शेवटी पहिल्या रांगेतल्या एका पाहुण्या बाईंनी विचारलं, "दीर्घिका मेलीय की धुळीआड आहे, हे ओळखलंत कसं?"

साहेब पाणी प्यायले. पुन्हा प्यायले. माझी टिपणं त्यांनी जशीच्या तशी लेखात घातली होती, समजून घ्यायची तसदी घेतली नव्हती.

"सांगा ना बाई," माझ्याकडे न बघताच ते म्हणाले.

सगळ्या माना वळल्या. कुणीतरी माझ्या हातात माइक दिला. 'मी शोधलं' एवढंच म्हण, असं मी स्वतःला बजावलं.

"धुळीआडचे तरुण तारे धुळीला तापवतात," मी म्हणाले. "ती तापलेली धूळ अवरक्त किरणांच्या फोटोत चमकते. मेलेल्या दीर्घिकेत तशी चमक नसते. हे..." साहेब माझ्याकडे बघत होते. "हे साहेबांनी शोधून काढलं."

टाळ्या वाजल्या. साहेबांनी मान तुकवली आणि पाहुण्या बाई त्यांचा हात हातात घ्यायला उठल्या. साहेबांची इतक्या वर्षांत आली नव्हती एवढी किळस मला त्या क्षणी स्वतःची आली.

माइक परत मागितला गेला. मी तो दोन्ही हातांनी दिला.