लवंगांचा डबा

सुंदराबाईंच्या घरात घड्याळ नव्हतं. त्यांचं सगळं ओव्यांवर भागायचं. धणे दोन ओव्यांत, खोबरं तीन ओव्यांत आणि मिरची एकीतच उतरवायची. दुसरी ओवी तोंडात आली की मिरची करपलीच म्हणून समजा. चाळीतल्या बाया यावर हसायच्या, पण मसाला भाजायचे दिवस आले की परळपासून काळाचौकीपर्यंत त्यांनाच बोलावणं यायचं.

सत्तावन्न सालच्या वैशाखात लालबागच्या आपल्या खोलीत त्या शेगडीपुढे बसल्या होत्या. शेजारी त्यांची लेक नलू एक पितळी डबा चिंचेनं घासत होती. समोरच्या चाळीच्या भिंतीवर 'झालाच पाहिजे' अशी हातहातभर अक्षरं गेरूनं रंगवलेली होती आणि मिरचीचा धूर गॅलरीतून थेट त्या अक्षरांकडे निघाला होता.

डबा झांजिबारचा. परळला नर्सिंग शिकून नलू पाच वर्षांपूर्वी तिकडच्या एका धर्मादाय दवाखान्यात सेवेला गेली. पगार नाही; एक खोली, दोन वेळचं जेवण आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचा दुवा. गेल्या माघात हिवतापानं तिला असं पिळून काढलं, की धक्क्यावर आईनं तिला ओळखलंच नाही, तिच्या मागून उतरणाऱ्या बाईला हात केला. तिकडून निघताना मरियमनं, म्हणजे नलूच्या हाताखाली सुईणपण शिकलेल्या तिथल्या मुलीनं, हा डबा लवंगांनी भरून दिला होता. आता डबा परत जायचा होता. आणि शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही हा सुंदराबाईंच्या घरचा कायदा, मग ती शेजारीण दर्यापलीकडची का असेना.

बोट शुक्रवारी सुटणार होती. नलूची जागा धरलेली होती.

तीन महिने तिनं नुसतं खाल्लं होतं आणि झोपा काढल्या होत्या. सकाळी पेज, दुपारी बांगड्याचं तिखलं, संध्याकाळी आईबरोबर सभेला जाऊन मैदानातल्या गवतावर बसणं. गालांवर मांस आलं. जिना चढताना लागणारी धाप गेली. आणि एके दिवशी, कुणाला न सांगता, ती परळच्या प्रसूतिगृहात जाऊन अर्ज देऊन आली. नेमणुकीचा कागद आला त्याला आठ दिवस झाले होते. फळीवरच्या वर्तमानपत्राखाली तो दडवून ठेवला होता, आणि त्या फळीकडे ती मुद्दाम बघत नव्हती.

दुपारी भिवामामा आला. सुंदराबाईंचा हा मावसभाऊ आफ्रिकेच्या बोटीवर खलाशी होता. तिकडची खुशाली इकडे आणि इकडची सुकटं तिकडे, असा त्याचा कारभार चालायचा.

"अगे सुंदरे, दर्यावर असतानाच माका शिंका येवक लागल्यो," तो दारातूनच म्हणाला, "तेव्हाच म्हटलं, लालबाग जवळ इला."

"बस गप. चाय घे."

त्यानं खिशातून पत्र काढलं. मरियमनं दवाखान्यातल्या कारकुनाकडून ते हिंदीत लिहून घेतलं होतं. नलूनं चिंचेचे हात पदराला पुसले आणि ती खिडकीशी गेली.

मरियमनं जुळ्यांचं बाळंतपण केलं होतं. एकटीनं. त्यातलं दुसरं मूल पायाळू. आई आणि दोन्ही मुली सुखरूप. पुढे लिहिलं होतं: 'घड्याळ तुमच्याबरोबर गेलं. पण तुम्ही शिकवलेलं गाणं आहे. मनगट धरून दोनदा म्हणते, अर्धं मिनिट होतं. आता शिकायला आलेल्या नव्या दोन मुलींनाही शिकवलं आहे. त्या विचारतात, याचा अर्थ काय? मला सांगता येत नाही. तुमची खोली उघडून तिथे तपासायला आलेल्या बायकांना बसवते, चालेल ना? तुम्ही जरूर या. पण पूर्ण बऱ्या होऊन या.'

नलूनं पत्र दोनदा वाचलं. दवाखान्यात घड्याळ एकच होतं, तिच्या छातीवर टाचलेलं. म्हणून नाडी मोजायला तिनं मरियमला आईची ओवी दिली होती:

*दर्याच्या पल्याड माझ्या लेकीचं नांदणं,*
*अंगणात माझ्या तिच्या नावाचं चांदणं.*

खोलीत बायका बसतात या ओळीवर तिनं बोट ठेवलं. मग हसू आलं. आपल्यावाचून तिथे दार बंद पडलं असेल, अशी भीती होती की आशा, कोण जाणे.

तिनं फळीवरचा कागद काढला.

"आई, मी शुक्रवारी जात नाही. परळला नोकरी मिळालीय. पगाराची."

सुंदराबाईंनी मिरच्या खाली उतरवल्या आणि मगच वर पाहिलं.

"माझ्यासाठी ऱ्हवतंस? तसा असात तर जा. माका खांदे देणारे चाळीत शंभर आसत."

"तुझ्यासाठी नाही."

"मग संयुक्त महाराष्ट्रासाठी?" भिवामामानं विचारलं.

"तो माझ्यावाचून होईल, मामा." नलू खाली बसली. "तिकडे आजारी होते तेव्हा रोज वाटायचं, पुरे झालं. पण ते तापाचं बोलणं. म्हटलं, बरी होऊ दे, मग काय ते ठरवीन. आता बरी झालेय. अंगात हत्तीचं बळ आहे, आणि तरी मनात तेच आहे. तिकडचं माझं काम झालं."

"आणि डबो?" भिवामामा म्हणाला. "तो परत करूक व्हयो मा?"

"डबो भरून धाडूचो असता रे," सुंदराबाई म्हणाल्या. "आपण डब्यात बसान जावचा नसता."

भिवामामाच्या नाकातून चहा आला.

मसाला कांडून आला तेव्हा गुरुवार उजाडला होता. डब्यात मसाला दाबून भरताना सुंदराबाई म्हणाल्या, "तिच्याच लवंगा ह्यात. वास घेतल्यान की ओळखात." वर केळीचं पान आलं. नलूनं सोबत पत्र लिहिलं: मी येणार नाही, खोली आता बायकांचीच. ओवीचा अर्थ लिहायला तिला पाऊण पान लागलं. चांदण्यापाशी ती बराच वेळ अडली होती. मग तिनं छातीवरचं घड्याळ काढलं, रुमालात गुंडाळलं, पानावर ठेवलं आणि झाकण लावलं.

"अगो, तुका लागात मा?" आई म्हणाली.

"तुझ्या घरात कधी लागलं?"

डबा खांद्यावर घेऊन भिवामामा जिना उतरला. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खोलीतली चंपा भिंत धरत धरत आली. तिला सातवा महिना होता.

"नलूताय, घेरी आल्यासारखं होतंय गं."

नलूनं तिला उंबऱ्यावर बसवलं आणि तिचं मनगट धरलं. दुसरा हात सवयीनं छातीकडे गेला, तिथे नुसता पदर लागला. तिनं डोळे मिटले आणि हलक्या आवाजात ओवी सुरू केली.

"गातेस काय, मला मेलीला चक्कर येतेय तर?"

"गप बस," नलू म्हणाली. "पहिल्यापासून म्हणायला लावू नकोस."